पहिलं पाणी

"मामा, जीप नका पुसू. आज तिचं काम न्हाई."

वैजनाथनं मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही. एक पाय जमिनीवर टेकवून, गाडी घरघरत ठेवून त्यानं हे सांगितलं, जणू दूधवाल्याला आज दूध नको म्हणून सांगतोय. जळबा हवालदारानं बॉनेटवरचं ओलं फडकं तसंच दाबून धरलं.

"काम न्हाई म्हंजे? सोमेश्वर आज येऊन राहिला न्हाई का?"

"येऊन राहिला की. नांदेडहून निघाला. पण मिरवणूक ट्रकावर हाय. दादासाहेबांनी पाठवलाय. डीजे, लाइटी, तोफ, समदं हाय त्यावर."

"तोफ?"

"थर्माकोलची. पण तोंडातून फुलं उडतेत, मामा! बघत राहसाल तुमी."

जळबाच्या तोंडात शिवी आली होती. पण वैजनाथचा बाप त्याच्या बरोबरीचा, रोजच्या उठण्याबसण्यातला, म्हणून त्यानं ती गिळली. "किसनरावाला ठाऊक हाय का हे?" एवढंच त्यानं विचारलं. किसनराव म्हणजे सोमेश्वरचा बाप.

"त्यायनीच तर होकार देला," असं म्हणून वैजनाथ गेलासुद्धा. तो तालुक्याचे पुढारी दादासाहेब यांचा माणूस होता. गेल्या दोन वर्षांत गावात बारसं असो की तेरावं, दादासाहेबांचा फोटो असलेला फलक वैजनाथ सगळ्यांच्या आधी लावून मोकळा होई.

वारंगा फाट्यावर गॅरेजांच्या रांगेत कडेला जळबाचं पत्र्याचं शेड होतं. तिथं ही जीप उभी असायची. फौजेनं मोडीत काढलेली, जळबानं लिलावात उचललेली. नोकरीची शेवटची वर्षं त्यानं फौजेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये परेडची उघडी जीप चालवली होती. मोठा साहेब मागं उभा राहायचा आणि जळबा पहिल्या गिअरमध्ये अशी गाडी न्यायचा की साहेबाच्या हातातली काठीसुद्धा हलू नये. स्वतः जळबा फौजेतून सुटून आला तेव्हा मात्र एसटीनं फाट्यावर उतरला आणि ट्रंक खांद्यावर टाकून गावापर्यंत चालत गेला. गावानं विचारलं, सुट्टी किती दिवसांची? त्याचं त्याला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आणि पुढं सुटून येणाऱ्या कुठल्याही पोराला तसं यावं लागू नये, या एकाच हट्टानं त्यानं जीप घेतली. फौजेचा रंग खाजगी गाडीला चालत नाही म्हणाले, तर डोंगरकडा गावच्या पेंटरकडून केळीच्या पानाचा हिरवा मारून घेतला. सीटच्या मागं धरायला एक पाइप वेल्ड केला. तेव्हापासून फाटा ते गाव, आसपासच्या पाचसहा खेड्यांतला सुटून आलेला प्रत्येक जवान त्या पाइपाला धरून उभा राहत आला होता.

आणि मग दीपकचं ते झालं.

दीपक शालूबाईचा एकुलता एक. नवरा लवकर गेलेला, दोन एकर हळद आणि हा पोरगा, एवढाच तिचा संसार. सोमेश्वर शेजारच्या गल्लीतला, आईवेगळा. दोघं एकाच शाळेत, एकाच तालमीत. शालूबाईच्या घरी एक स्टीलचा उंच ग्लास होता, त्यात दोघं अर्धा अर्धा चहा प्यायचे आणि आधी कोण पिणार यावरून भांडायचे. बाहेरचा कुणी आला तर शालूबाई कपबशी काढी. कपबशी पाहुण्याला, ग्लास घरच्याला, असा तिचा रिवाज होता. दोघं एकाच भरतीत लागले. सहा वर्षांनी दीपकची गाडी डोंगरातल्या रस्त्यावरून दरीत गेली.

फौजेचा फुलांनी सजवलेला मोठा ट्रक दीपकला घेऊन आला तेव्हा रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ट्रक गावात आला, पण शालूबाईच्या गल्लीत शिरेना. चावडीचा कोपरा आडवा येत होता, वर विजेच्या तारा. बरोबर आलेला सुभेदार इकडंतिकडं बघू लागला. तेव्हा जळबानं मागची सीट काढून, फळी पाडून जीप मागं मागं घेत ट्रकाला लावली. जवानांनी पेटी उचलून जीपवर ठेवली. जळबानं पहिला गिअर टाकला. पेटी हलली नाही. सोमेश्वर सुट्टी काढून आलेला, तो पेटीवर हात ठेवून शेजारून चालत होता. दुसऱ्या दिवशी राख सावडल्यावर त्यानं शालूबाईचे पाय धरले. "मावशी, मी सुटून येईन तवा गावातलं पहिलं पाणी तुमच्या हातचं पिईन. ते पेल्याबिगर माझ्या घराचा उंबरा ओलांडणार न्हाई."

हे बोलणं सगळ्या गावानं ऐकलं आणि त्याचा रिवाज झाला. त्यानंतर जो जवान सुटून आला, त्याची जीप आधी शालूबाईच्या दारात थांबली. हलगी बंद. इंजिन बंद. जवान खाली उतरायचा, डोक्यावरची टोपी काढून शालूबाईच्या हातात द्यायचा आणि तिनं दिलेलं पाणी बोडक्या डोक्यानं प्यायचा. तेवढा वेळ टोपी तिच्याकडं. पाणी पिऊन झालं की ती स्वतः टोपी परत त्याच्या डोक्यावर ठेवायची. कुणीच काही बोलायचं नाही. पण ज्याच्या शब्दावर हे सुरू झालं, तो आज यायचा होता.

जळबा जीप काढून फाट्याच्या चौकात आला तेव्हा ट्रक उभाच होता. एरवी डोंगरकड्याची केळी वाहणारा असावा, पण आता ओळखू येत नव्हता. दोन्ही बाजूंनी माणसापेक्षा उंच स्पीकर, समोर थर्माकोलचा रणगाडा, त्यावर दंडाएवढी तोफ, आणि वर स्टेज. स्टेजवर लग्नात नवरानवरीला असते तसली लाल मखमली खुर्ची. मागं फलक. फलकावर दादासाहेब छातीपर्यंत, आणि खालच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा सोमेश्वर. जळबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा वर्षं बर्फात उभं राहिलं ते पोरगं कोपऱ्यात, आणि ज्यानं नाक्यावरच्या हॉटेलापलीकडं काही राखलं नाही तो छातीपर्यंत!

किसनराव नवा सदरा घालून ट्रकाच्या सावलीत उभा होता. जळबानं त्याला बाजूला घेतलं.

"किसनराव, ट्रक शालूबाईच्या गल्लीत जाणार न्हाई. तुमाला ठाऊक हाय."

"आता काय करता, हवालदार? दादासाहेब म्हणले, आपल्या पोराचा सत्कार मोठा झाला पायजे. न्हाई कसं म्हणावं? उद्या काम पडतंय त्यांच्यापाशी."

"आन शालूबाईपाशी काही काम पडत न्हाई. व्हय ना?"

"तसं न्हाई हो. उतरंल की तो मधी. पाच मिनिटं जाऊन येईल."

"उतरंल?"

"उतरंल म्हणलं ना!"

नांदेडहून गाडी आली. सोमेश्वर उतरला, कडक इस्त्रीची वर्दी, छातीवर फिती. जीप दिसली तसा तो हसून तिच्याकडंच निघाला. पाइपाला हात घातला, एक पाय वर टाकलासुद्धा. तेवढ्यात वैजनाथ आणि त्याची चारदोन पोरं आली, "इकडं, इकडं, फौजी!" करत त्याला ओढत घेऊन गेली. लोखंडी शिडीवरून त्याला वर चढवलं. त्याची टोपी काढून डोक्यावर फेटा बांधला. टोपी कुठं ठेवावी कळेना, तेव्हा त्यानं ती खांद्याच्या पट्टीत खोचली. वैजनाथनं शिडी काढून मागं टाकली आणि डीजे सुरू झाला. त्या आवाजानं जीपचा पत्रा थरथरू लागला.

"मामा, तुमी मागं राहा!" वैजनाथ ओरडला. "फोटोत जीप येऊन राहिली!"

जळबा मागं राहिला. फाट्यापासून गावापर्यंत तो ट्रकाचा धूर खात, पहिल्या गिअरमध्ये, मे महिन्याच्या उन्हात चालला. ट्रक दहा पावलं जाई, थांबे, पोरं नाचत, तोफेतून कागदाची फुलं उडत, पुन्हा दहा पावलं. जीपच्या तापमानाचा काटा चढू लागला. जळबाचं लक्ष चावडीच्या कोपऱ्याकडं होतं. आता थांबेल. आता शिडी लावतील. आता पोरगं उतरेल.

ट्रक कोपऱ्यावर आला. सोमेश्वरनं गल्लीकडं बघितलं, हे जळबानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानं खाली वाकून वैजनाथला काहीतरी सांगितलं. वैजनाथनं पुढं हात दाखवला, घड्याळ दाखवलं. सोमेश्वर सरळ उभा राहिला. ट्रक पुढं गेला.

जळबानं स्टिअरिंग कचकन वळवलं आणि जीप गल्लीत घातली.

शालूबाई दारात उभी होती. अंगण सारवलेलं, उंबऱ्याला हळदकुंकू. हातात घासून लख्ख केलेला तांब्या, वर झाकण म्हणून वाटी. जीप बघून तिचा चेहरा फुलला, मग ती जीपच्या मागं बघू लागली. मागं कुणी उभं नव्हतं. पाइप नुसताच. डीजेचा आवाज घरांच्या मागून पुढं पुढं चालला होता.

"जळबाभाऊ, गेलं का ते?"

"गेलं." जळबाला तिच्याकडं बघवेना. "शाळेपुढं थांबणार हाय. दादासाहेब येणार हायेत तिथं."

शालूबाईनं तांब्यावरची वाटी नीट बसवली. मग तिनं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि तांब्यासकट जीपच्या पुढच्या सीटवर येऊन बसली. या जीपमध्ये ती आजवर कधी बसली नव्हती. तिचं पोरगं मात्र याच जीपमध्ये मागं निजून आलं होतं.

"चला. त्याला येता येत न्हाई तर आपुन जाऊ. पाणी तर पाजायचंच हाय."

"शालूबाई, तुमी काहून जाता? तो येऊ द्या की!"

"शब्द त्यानं देला, पण घेतला तर म्या ना? चला."

शाळेपुढं निम्मं गाव जमलं होतं. दादासाहेब अजून आले नव्हते. ते यायचे म्हणून ट्रक उभा, ट्रक उभा म्हणून गाव उभं, आणि वर लाल खुर्चीपुढं सोमेश्वर घामानं डबडबून उभा. जळबानं हॉर्न दाबून धरला आणि गर्दी चिरत जीप थेट ट्रकापुढं आडवी घातली, तोफेच्या तोंडाखाली. मग इंजिन बंद केलं. बॉनेटखालून वाफ निघू लागली होती, तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही.

"बंद करा ते!" तो डीजेवाल्यावर ओरडला. "बंद कर म्हणतो ना!"

त्याचा आवाज परेडच्या मैदानावरचा होता. डीजे बंद झाला. वैजनाथ धावत आला.

"मामा, काय लावलंय हे? दादासाहेब पोचून राहिलेत! जीप काढा आधी!"

"काढतो. सोमेश्वर, खाली उतर."

शालूबाई जीपमधून उतरून ट्रकाजवळ गेली. वाटी अजून तांब्यावरच होती. तिला मान पार मागं टाकून वर बघावं लागत होतं. तिनं तांब्या थोडा वर धरला, एवढंच.

सोमेश्वर स्टेजच्या काठाशी आला. "मावशी..." म्हणाला. मग वैजनाथकडं बघून म्हणाला, "शिडी लाव रे."

"आता न्हाई, फौजी! दादासाहेब आले की वर चढायला लावतोच. तवाच उतरा ना. तुमी खाली आन दादासाहेब येऊन ठेपले, कसं दिसंल ते?"

किसनरावही खालून हातानं खूण करू लागला. थांब. दोन मिनिटं थांब.

जळबाचं तोंड सुटलं. "अरे, शिडी काय मागतो? फौजेनं तुला भिंतीवरून उडी मारायला शिकवलं का न्हाई? नाले ओलांडले, दऱ्या उतरला, आन केळीच्या ट्रकावरनं उतरायला तुला वैजनाथची शिडी लागून राहिली? लाज धर जराशी! दीपक असता तर डोक्यावर पडला असता, पण उतरला असता!"

दीपकचं नाव निघालं. सोमेश्वरनं एक पाय काठावर टाकला. तो खरंच उडी मारणार असं सगळ्यांना वाटलं. शालूबाईनं तांब्यावरची वाटी काढली.

तेवढ्यात लांबून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. "आले, आले!" पोरं ओरडली. सोमेश्वरचा पाय मागं गेला. तो तिथंच सरळ झाला, टाचा जुळवल्या, आणि वरूनच, फेट्यावर हात नेऊन त्यानं शालूबाईला सलाम ठोकला. चांगला कडक सलाम होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला तरी वाटलं हीच वेळ आहे, त्यानं तोफेची दोरी ओढली. कागदाची फुलं उडाली आणि शालूबाईच्या डोक्यावर, खांद्यावर, उघड्या तांब्यात पडली.

जळबाला रडू आलं. रागाचं रडू, दुसरं काही नाही.

शालूबाईनं दोन बोटांनी पाण्यातली फुलं एक एक करून काढली. रंग सुटला होता, पाणी जरा गुलाबी झालं होतं. मग ती वळली.

"जळबाभाऊ, गाडी काढा. लोकायला तकलीफ होऊन राहिली."

जळबानं चावी फिरवली. जीप खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. बॉनेटखाली पाणी उकळत होतं. मागं दादासाहेबांच्या पांढऱ्या गाड्या येऊन थांबल्या होत्या, हॉर्न वाजत होते, वैजनाथ "ढकला, ढकला" करत होता.

"हात लावायचा न्हाई कुणी!" जळबा म्हणाला. त्याच्या तोंडाकडं बघून कुणी लावलाही नाही.

त्यानं बॉनेट उघडलं. वाफ ओसरेपर्यंत तो बाजूला उभा राहिला. तोवर हॉर्न वाजत राहिले, त्यानं घाई केली नाही. मग उपरणं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि पाण्याचा डबा घ्यायला मागं वळला. शालूबाई तिथंच उभी होती, तांब्या घेऊन.

"डबा राहू द्या," ती म्हणाली. "हे हाय की."

"शालूबाई, ते पाणी..."

"पाणीच हाय ना? माझ्या लेकराला शेवटी हिनंच दारात आणलं. पिऊ द्या तिला."

तिनं तांब्या तिरका केला. सावकाश, धार तुटू न देता, एखाद्या लेकराला पाजावं तसं तिनं ते पाणी जीपला पाजलं. शेवटचा थेंब गेल्यावर तांब्या उपडा करून झटकला. वर सोमेश्वर उभा होता. त्याचा हात अजून फेट्याजवळच होता, खाली घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं.

या खेपेला जीप सुरू झाली. जळबानं पहिला गिअर टाकला. गर्दीनं वाट दिली, पांढऱ्या गाड्यांनाही मागं सरावं लागलं. दादासाहेबांनी काचेतून हात जोडले. ते कुणाला जोडले ते त्यांनाही ठाऊक नसावं.

दिवस कलल्यावर सोमेश्वर शालूबाईच्या घरी आला, चालत. फेटा नव्हता. वर्दी तीच, पण घामानं चुरगाळलेली, खांद्यावर गुलाल. टोपी डोक्यावर नीट घातलेली. जळबा अंगणात पान्यानं जीपचा नट आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

सोमेश्वर उंबऱ्याबाहेर उभा राहिला. टोपी काढली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

"मावशी, मी आजून घरी गेलो न्हाई. शाळेपासनं सरळ इकडंच आलो. पाणीसुदिक पेलो न्हाई."

शालूबाई हळद निवडत बसली होती. तिनं हात पदराला पुसले, पण टोपीकडं नेले नाहीत.

"शिडी नव्हती, मावशी."

"बघितलं म्या."

"तुमच्या हातचं पाणी..."

"ते जीपनं पेलं, बाबा."

तो उभाच राहिला. मग शालूबाईनं बाज झटकली. "काहून उभा राहिलास? ये. बस. उन्हातून आलास, चहा ठेवते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जळबाला बरं वाटलं असतं. त्याचा स्वतःचा अजून उतरला नव्हता, पाना पुन्हा पुन्हा निसटत होता.

सोमेश्वर बाजेच्या कडेला टेकला. टोपी कुणीच घेतली नाही, तेव्हा त्यानं ती गुडघ्यावर ठेवली. समोरच्या मांडणीत तांब्या धुऊन पालथा घातलेला होता आणि त्याच्या शेजारी तो उंच स्टीलचा ग्लास उभा होता. सोमेश्वरचं लक्ष त्या ग्लासावरून हलेना. आत चुलीवर आधण उकळल्याचा आवाज आला. शालूबाई बाहेर आली, मांडणीपाशी उभी राहिली. तिचा हात ग्लासापर्यंत गेला, तिथं जरा थांबला, आणि मग ग्लासाच्या मागून तिनं कपबशी काढली.

पदराच्या टोकानं पुसून, चहा गाळून, तिनं ती सोमेश्वरपुढं धरली.

"घ्या," ती म्हणाली.